रोहिणी, घटसर्प आणि एका अक्षराचा फरक

काही महिन्यांपूर्वी पुष्य नक्षत्राच्या दिवशी गंगाखेड येथे आमच्या चिकित्सालयात नेहमीप्रमाणे सुवर्णप्राशनाचे शिबिर होते. तांड्यावरून आलेल्या एका मातेने आपल्या पाच वर्षांच्या मुलास सुवर्णप्राशन देवविले. आम्ही सहज लसीकरणाचे कार्ड मागितले. त्यावर पहिल्या वर्षानंतरची एकही नोंद नव्हती. कारण विचारता ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, लसीत इखच असतंय म्हणतेत. अन् तुमचं सोन्याचं औषध चालूच हाय की. मग कशाला टोचायचं?" असे कोणी सांगितले, या प्रश्नास तिने जे उत्तर दिले त्यावरून सांगणारा गृहस्थ आपल्याच व्यवसायातील होता, एवढे आमच्या ध्यानी आले.

त्या माउलीचा प्रश्न वरवर पाहता भाबडा वाटेल. परंतु तो तसा नाही. विष म्हणजे काय, ते शरीरात नेमके कोठे जाऊन काय करते, आणि विषाचे विषत्व काढून घेता येते काय, हे तीन प्रश्न त्यात दडलेले आहेत. हे तिन्ही प्रश्न अगदतंत्र आणि रसशास्त्र शिकलेल्या वैद्यास परके नसावेत. म्हणूनच त्यांचा विचार आपल्या त्रैमासिकातून, आपल्याच मंडळींसमोर मांडावा असे आम्हांस वाटले.

एक जुनी कबुली

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आमच्या व्यवसायाच्या आरंभीच्या काळातील ही गोष्ट आहे. ऊसतोडीहून परतलेल्या एका कुटुंबातील सात वर्षांच्या मुलीस आमच्याकडे आणले. ज्वर मंद होता, गिळताना वेदना होत होत्या, मूल मलूल होते. आम्ही खिडकीच्या उजेडात घसा पाहिल्यासारखे केले, त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या दिल्या, हळद-तुरटीच्या पाण्याचे गंडूष सांगितले आणि दोन दिवसांनी बोलाविले. ती आली तेव्हा मान दोन्ही बाजूंनी सुजली होती आणि कंठात धूसर पांढरा पडदा धरला होता. त्याच घटकेस तिला मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे प्रतिविष दिले गेले. पडदा सुटला, घसा मोकळा झाला, मूल बोलू लागले. आणि दहाव्या दिवशी तिचे हृदय बंद पडले.

तिचा बाप नंतर आमच्याकडे आला. त्याने आरोप केला नाही, फक्त विचारले, "घसा तर बरा झाला होता. मग पोरगी गेली कशानं?" आम्हांस तेव्हा उत्तर देता आले नाही. रोग कंठात होता, कंठ शुद्ध झाला होता, मग प्राण कशाने गेले? पुढे अनेक वर्षांनी घटसर्पाच्या विषासंबंधी वाचन घडले तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर सापडले.

आपल्या ग्रंथांतील रोहिणी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मुखरोगांमध्ये कंठगत व्याधी सांगताना रोहिणीचे पाच प्रकार वर्णिले आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि रक्तज. गळ्याचा अवरोध करणारे अंकुर आणि प्राणनाश ही तिची ओळख. चरकाचार्य तर सूत्रस्थानात स्पष्ट सांगतात, की या व्याधीत रुग्णाचे आयुष्य फार तर तीन रात्रींचे असते. मात्र कुशल वैद्याने त्वरेने उपचार केल्यास तो सुखी होतो. अनेक विद्वानांनी रोहिणीचा संबंध आजच्या घटसर्पाशी जोडला आहे. प्रत्येक रोहिणी म्हणजे घटसर्पच, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जे वर्णन आहे त्यात घटसर्प निःसंशय समाविष्ट होतो.

चरकाचार्यांच्या त्या विधानातील दोन गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे : एक कालमर्यादा, दुसरी त्वरा. आचार्यांनी औषधांची यादी देण्यापूर्वी घड्याळ दाखविले आहे. ते घड्याळ कशामुळे चालते, हे आता पेशीच्या पातळीवर कळले आहे.

विष जाते कोठे?

१८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ लोफ्लर यांनी घटसर्पाचा जिवाणू वेगळा करून वाढविला. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. जिवाणू घशातच राहतो. परंतु बिघाड मात्र दूरच्या अवयवांत दिसतो. घशातून काहीतरी विष सुटत असावे, असा तर्क त्यांनी केला. १८८८ साली पॅरिस येथे रू आणि येर्सिन यांनी जिवाणू गाळून काढलेल्या द्रवाने प्राणी मरतात हे दाखवून तो तर्क सिद्ध केला. १८९० साली बेरिंग आणि किटासाटो यांनी या विषावर प्रतिविष तयार होते हे दाखविले, आणि वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेरिंग यांस याच कार्याबद्दल मिळाले.

हे विष म्हणजे ५३५ अमिनो आम्लांची एक प्रथिनमाला आहे. तिचे दोन भाग पडतात. एक भाग पेशीच्या बाहेरील विशिष्ट ग्राही प्रथिनास जाऊन चिकटतो. याला आपण वाहक म्हणू. दुसरा भाग प्रत्यक्ष घात करतो. त्याला घातक म्हणू. वाहक चिकटला की पेशी स्वतःच त्या विषास एका लहान पुटिकेत ओढून आत घेते. पुटिकेतील द्रव आम्ल होताच वाहकाचा आकार बदलतो, तो पुटिकेच्या भिंतीत घुसतो आणि घातक भागास पेशीच्या अंतर्द्रवात ढकलतो. म्हणजे पेशीचे जे नित्याचे ग्रहण आणि पचन, त्याच मार्गाचा वापर करून हे विष आत शिरते.

आत गेल्यावर घातक भाग काय करतो? पेशीत अखंड प्रथिने बनत असतात. त्या कामी इलाँगेशन फॅक्टर-२ नावाचे एक सहायक प्रथिन लागते. पेशीतील एनएडी नावाच्या रेणूचा एक तुकडा तोडून हा घातक भाग तो त्या सहायक प्रथिनावर नेमक्या एका जागी चिकटवितो. सहायक प्रथिन निकामी होते, प्रथिननिर्मिती थांबते आणि पेशी मरते. घातक भाग स्वतः खर्ची पडत नाही. एक प्रथिन निकामी केले की तो दुसऱ्याकडे वळतो. १९७८ साली जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले, की पेशीच्या आत या घातक भागाचा एकच रेणू पोहोचला तरी ती पेशी मरण्यास पुरेसा होतो. एकच रेणू! वत्सनाभ असो वा सर्पविष, कोणत्याही विषाची मात्रा मोजताना याहून लहान मोजमाप कल्पिता येत नाही.

आता त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. प्रतिविष रक्तात आणि पेशींच्या बाहेर असलेल्या विषास पकडते. पेशीच्या आत शिरलेल्या विषास ते गाठू शकत नाही. पेनिसिलिन वा एरिथ्रोमायसिन जिवाणूस मारते, म्हणजे नवे विष बनणे थांबविते. परंतु बनून गेलेल्या विषावर त्याचा उपाय चालत नाही. त्या मुलीस आमच्याकडे जे दोन दिवस गेले, त्या दोन दिवसांत विष हृदयाच्या पेशींत शिरले होते. घसा बरा झाला तो प्रतिविषाने आणि प्रतिजैविकाने. हृदय गेले ते आमच्या दोन दिवसांनी. घटसर्पात हृदयाचा बिघाड बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि नाड्यांचा बिघाड त्याहूनही पुढे प्रकट होतो, तो यामुळेच. मूल पाणी पिताना ते नाकावाटे परत येऊ लागते, हे त्या नाडीविकाराचे एक लक्षण होय. हे वाचताना दूषीविषाची कल्पना आठवल्यावाचून राहत नाही. तथापि साम्य म्हणजे ऐक्य नव्हे, हेही विसरू नये.

एक अक्षर बदलले तर

विषाचा मार्ग इतक्या बारकाईने कसा कळला? त्याचे श्रेय बव्हंशी उत्परिवर्तनांच्या अभ्यासास आहे. यातही एक आश्चर्य आहे. विष बनविण्याचे जनुक मुळात जिवाणूचे नव्हेच. जिवाणूस ग्रासणारा बीटा-फाज नावाचा विषाणू ते आपल्यासोबत आणतो. निरुपद्रवी जिवाणूंत असा विषाणू शिरला की त्यांतून विष निर्माण करणारे जिवाणू निपजतात, हे १९५१ साली अमेरिकेत फ्रीमन यांनी दाखविले होते. १९७० नंतरच्या वर्षांत उचिदा, पॅपेनहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूवर रसायनाचा प्रयोग करून त्याच्या जनुकात ठिकठिकाणी बदल घडविले आणि बदललेली विषे वेगळी काढली. त्यांतील दोन विषे आपल्या विवेचनास फार उपयुक्त आहेत.

पहिले सीआरएम ४५. यात प्रथिनमाला अर्धवट तुटलेली आहे. घातक भाग शाबूत आहे. परंतु पेशीस चिकटणारा भाग नाही. पेशी फोडून तिच्या द्रवात हे मिसळले तर ते प्रथिननिर्मिती थांबविते. अखंड पेशीवर मात्र त्याचा काही प्रभाव पडत नाही, कारण त्यास आत शिरता येत नाही.

दुसरे सीआरएम १९७. यात माला पूर्ण आहे. ते पेशीस चिकटते आणि आतही शिरते. परंतु जनुकातील केवळ एक अक्षर बदलल्यामुळे बावन्नाव्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आले आहे. ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्याच्या जागी मोठे आणि विद्युतभारित आम्ल येऊन बसले. त्याचा परिणाम शेजारच्या भागावर होतो. एनएडीचा रेणू जेथे बसावयाचा, तेथील वळसा ढिला पडतो आणि एनएडी तेथे बसूच शकत नाही. या अणुरचनेचे तपशीलवार चित्र २०१२ साली प्रसिद्ध झाले. हत्यार हाती आहे, पण त्याची धार गेली आहे, अशी या विषाची अवस्था होते. मूळ विषाच्या मानाने त्याची घातकता नगण्य आहे.

यापुढचा प्रयोग तर प्रत्येक वैद्याने ध्यानी ठेवावा असा आहे. १९७२ साली याच शास्त्रज्ञांनी सीआरएम ४५ चा घातक भाग आणि सीआरएम १९७ चा वाहक भाग एकत्र जोडला. दोन्ही मूळ द्रव्ये निरुपद्रवी होती. परंतु त्यांच्या जोडणीतून पुन्हा प्राणघातक विष तयार झाले. विषाचे विषत्व कोणा एका भागात नाही, आत शिरण्याची शक्ती आणि आत जाऊन घात करण्याची शक्ती यांच्या संयोगात आहे, हे त्यातून सिद्ध झाले. संयोगाने द्रव्याचा गुण पालटतो, हा विचार आपणांस नवा नाही. येथे तो रेणूच्या पातळीवर प्रत्यक्ष दिसतो.

शोधन : आपले आणि त्यांचे

आता त्या माउलीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. लसीत विष असते काय? याचे उत्तर टाळाटाळ न करता द्यावयाचे तर असे आहे : घटसर्पाची लस विषापासूनच बनते, परंतु तिच्यात विषाचे कर्म उरलेले नसते.

ज्या त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या आपण रोज देतो, त्यात वत्सनाभ आहे, हे रुग्णास आपण सांगतो काय? सांगितले तर तो दचकेल. परंतु आपण निःशंक असतो, कारण तो शुद्ध वत्सनाभ आहे. त्याचे तुकडे तीन दिवस गोमूत्रात, रोज नवे गोमूत्र घालून, भिजविले जातात वा दोलायंत्राने दुधात शिजविले जातात. त्यातील ॲकोनिटिन नावाचा तीव्र विषारी घटक या प्रक्रियेत विघटित होऊन पुष्कळ सौम्य घटकांत रूपांतरित होतो, असे रासायनिक परीक्षणातून दिसले आहे. द्रव्य तेच राहिले, नाव तेच राहिले. परंतु त्याचे मारक कर्म क्षीण झाले.

१९२३ साली फ्रान्समध्ये रॅमाँ यांनी घटसर्पाच्या विषात थोडे फॉर्मॅलिन घालून ते कित्येक दिवस उबेत ठेवले. विषाचा घात करण्याचा गुण गेला. परंतु त्याचे रूप इतके टिकले, की शरीर त्यावरून मूळ विषाची ओळख पटवून घेऊन प्रतिपिंड बनवू शकले. यालाच टॉक्सॉइड म्हणतात. आजही बालकांच्या पेंटाव्हॅलंट व त्रिगुणी लसीतील घटसर्पाचा घटक हाच आहे. सीआरएम १९७ मध्ये जनुकाचे एक अक्षर बदलल्याने जे साधले, ते येथे रसायनाने साधले.

हे साम्य सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्या पूर्वजांस लस ठाऊक होती असा दावा आम्ही करीत नाही. तो करणे त्यांच्या खऱ्या थोरवीस कमीपणा आणणारे आहे. शोधित वत्सनाभ औषध म्हणून काम करतो. टॉक्सॉइड शरीरास शिकविते. हेतू निराळे आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की विषाचे शोधन करून ते उपयोगी आणता येते हे तत्त्व ज्या शास्त्राच्या पायाशी आहे, त्या शास्त्राच्या अनुयायाने 'लसीत विष आहे' असे म्हणून मातेस भिवविणे शोभत नाही. त्याने वत्सनाभ, भल्लातक आणि कुचला यांची नावे आधी आठवावीत.

पुण्यातील लस

सीआरएम १९७ ही केवळ प्रयोगशाळेतील गंमत राहिली नाही. न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूमुळे बालकांत फुप्फुसशोथ व मेंदूच्या आवरणाचा शोथ होतो. या जिवाणूभोवती शर्करेचे कवच असते. त्या कवचाची ओळख शरीरास करून द्यावी, तर दोन वर्षांखालील बालकाचे शरीर नुसत्या शर्करेकडे पुरेसे लक्ष देत नाही. तीच शर्करा एखाद्या प्रथिनास जोडून दिली तर मात्र ते तिची ओळख धरून ठेवते. औषध अनुपानासह दिल्याने कार्यकारी व्हावे, तसे काहीसे हे आहे. त्या कामी हे एका अक्षराने निर्विष झालेले प्रथिन निवडले गेले. २००० साली अमेरिकेत परवाना मिळालेली पहिली संयुग्मित न्यूमोकोकल लस सीआरएम १९७ वरच आधारलेली होती.

आपल्या महाराष्ट्राचा यातील वाटा मोठा आहे. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटने घोड्यांच्या रक्तजलापासून धनुर्वाताचे प्रतिविष बनविण्यापासून आरंभ केला. त्याच संस्थेने सीआरएम १९७ वाहक असलेली, दहा प्रकारच्या न्यूमोकोकसवरील न्यूमोसिल ही लस तयार केली. २०१९ च्या अखेरीस तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात सादर झाली. २०२१ साली न्यूमोकोकल लसीकरण देशभर विस्तारले. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत ती शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते. म्हणजे ज्या विषाने आमच्या रुग्णेचे हृदय थांबविले, त्याच विषाचे एका अक्षराने पालटलेले रूप आज गोदाकाठच्या खेड्यातील तान्ह्या बालकाचे फुप्फुस राखण्यास साहाय्य करीत आहे. लोकांनी विचारले असता ही गोष्ट सांगावी. ती त्यांस पटते, असा आमचा अनुभव आहे.

सुवर्णप्राशन पुरेसे आहे काय?

आता दुसरा प्रश्न, आणि आपल्या मंडळींस कदाचित अप्रिय वाटणारा. सुवर्णप्राशन चालू असताना लसीची आवश्यकता आहे काय? आमचे स्पष्ट मत आहे, की आहे.

काश्यपसंहितेत सुवर्णप्राशनाची मेधा, अग्नी आणि बल यांसाठी प्रशंसा आहे. आम्ही ते श्रद्धेने देतो व पुढेही देऊ. परंतु घटसर्पाच्या विषाचा जो वाहक भाग पेशीस चिकटतो, त्यास चिकटण्यापूर्वीच अडविण्याचे काम त्या विषाची नेमकी ओळख असलेला प्रतिपिंडच करतो. ही ओळख सर्वसाधारण बलाने येत नाही. ती त्या विषाच्या रूपाशी परिचय झाल्यानेच येते. मल्ल कितीही बलवान असला तरी ज्याच्याकडे कुलपाची किल्ली आहे त्या चोरास तो झोपेत असताना अडवू शकत नाही. फार काय, घटसर्प होऊन बरा झालेल्या रुग्णासही टिकाऊ संरक्षण मिळेलच असे नाही. त्यासही लस द्यावी लागते. प्रत्यक्ष रोगाने जे बल निश्चित मिळत नाही, ते अवलेहाने मिळेल असे सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

काही जण म्हणतील, घटसर्प आता राहिला कोठे? दुर्दैवाने तो राहिला आहे. २०१८ या एका वर्षात भारतात आठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत वीसहून अधिक बालके या रोगाने दगावली आणि प्रतिविषाच्या तुटवड्याची चर्चा देशभर झाली. हा रोग आता तान्ह्या मुलांपेक्षा शाळकरी मुलांत अधिक दिसतो, कारण पहिल्या तीन मात्रा दिल्या जातात आणि पुढच्या वर्धक मात्रा राहून जातात. उपचार होऊनही दहांतील एखादा रुग्ण दगावू शकतो, लहान बालकांत याहून अधिक. प्रतिविष ऐनवेळी मिळेलच याची शाश्वती नसताना प्रतिबंध हाच खरा उपचार ठरतो.

गंगाखेड परिसरात वर्धक मात्रा राहून जाण्याचे एक ठळक कारण आपणा सर्वांस विदित आहे. दसरा-दिवाळी झाली की तांड्या-वाड्यांवरील कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुलाचा पाचवा वाढदिवस उसाच्या फडात होतो आणि मात्रा तेथेच हरवते. पालक निष्काळजी असतात असे नाही. त्यांस आठवण करून देणारा कोणी तेथे नसतो.

करावयाचे काय?

केवळ मत मांडून थांबणे आम्हांस उचित वाटत नाही. वैद्यबंधू-भगिनींपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवीत आहोत.

पहिली. ज्वर आणि गलशूल घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाचा घसा चांगल्या विजेरीच्या उजेडात, जिभेवर चपटी पट्टी ठेवून पाहावा. नाडी पाहण्यास जेवढा वेळ देतो, तेवढा तरी वेळ याला द्यावा. टॉन्सिलवर व त्याबाहेर पसरलेला धूसर, चिकटून बसलेला पडदा, मानेची सूज, नाकातून रक्तमिश्रित स्राव यांपैकी काही दिसले तर घटसर्पाचा संशय धरावा. पडदा खरवडून काढू नये. त्यातून रक्त येते आणि श्वास अडण्याची भीती असते.

दुसरी. संशय येताच त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासास, रुग्णास परभणीचे जिल्हा रुग्णालय अथवा अंबाजोगाई वा नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे पाठवावे. शक्य असल्यास आधी दूरध्वनी करून प्रतिविषाची उपलब्धता विचारावी. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबू नये. प्रतिविष संशयावरच द्यावयाचे असते. एक दिवस आपले औषध देऊन पाहू, हा मोह टाळावा. तो एक दिवस परत मिळत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आरोग्य खात्यासही त्वरित कळवावे, म्हणजे घरातील व शेजारच्या मुलांची तपासणी, प्रतिजैविक व लसीकरण होऊ शकेल.

तिसरी. प्रत्येक सुवर्णप्राशन शिबिरात लसीकरणाचे कार्ड पाहण्याची प्रथा आपल्या संघटनेने सुरू करावी. पुष्य नक्षत्र दर सत्तावीस दिवसांनी येते. एवढ्या नियमाने मुलांस घेऊन येणाऱ्या माता दुसऱ्या कोणत्याही आरोग्यकार्यास क्वचितच लाभतात. सोळा ते चोवीस महिने आणि पाच ते सहा वर्षे या वयांतील त्रिगुणीच्या वर्धक मात्रा, दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडी, एवढे चार रकाने पाहण्यास अर्धा मिनिट लागतो. जेथे रकाना रिकामा असेल तेथे आशाताईंस वा जवळच्या उपकेंद्रास चिठ्ठी द्यावी.

चौथी. दसऱ्यापूर्वीच्या शिबिरात ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले मुद्दाम बोलवावीत, राहिलेल्या मात्रा पूर्ण करून घ्याव्यात आणि कार्ड सोबत नेण्यास सांगावे.

पाचवी. लसीविरुद्ध बोलणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यास सभेत खाली पाहावयास लावू नये. परंतु एकांतात, स्नेहाने, त्यास घटसर्पाच्या विषाचा हा मार्ग समजावून द्यावा. विषय कळला की विरोध बहुधा मावळतो. आम्हांसही तो कळण्यास वर्षे लागली.

काही वाचक म्हणतील, पेशी, रेणू, जनुक यांचे एवढे चर्वण वैद्याने का करावे? आमचे उत्तर असे, की विष कोठे आहे हे न जाणता विषाची चिकित्सा करता येत नाही, हे अगदतंत्रच आपणांस शिकविते. घटसर्पाचे विष पेशीच्या बाहेर असेतोवर मनुष्याच्या हाती काही उपाय आहेत. ते आत शिरले की आपले आणि आधुनिकांचे, दोघांचेही हात रिकामे. या एका ज्ञानाने 'दोन दिवसांनी या' हे वाक्य आम्ही घशाच्या रुग्ण बालकास उच्चारणे सोडले.

त्या मातेस आम्ही काय सांगितले, ते सांगून लेखणी थांबवितो. आम्ही म्हणालो, "बाई, इखच आहे, पण मेलेलं. त्याची ओळख पटली की जिवंत इख आलं तर अंग त्याला दारातच धरतं. सोन्याचं औषध आम्ही देऊ, पण हे काम त्या औषधाचं नव्हे." ती थोडा वेळ विचार करीत राहिली. मग तिने उपकेंद्राचा लसीकरणाचा वार विचारला आणि कार्ड पुन्हा पदराच्या गाठीत बांधले. पुढच्या पुष्य नक्षत्रास ती आली तेव्हा पाचव्या वर्षाच्या रकान्यात तारीख पडलेली होती.

इत्यलम्.